उल्हास आणि मसाल्याचा डबा

लष्करी तळावर वसलेल्या या निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली ‘उल्हासनगर’ नाव मिळाले. पण गेल्या पावसाळ्यात कॅम्प ५ मधल्या आमच्या बिऱ्हाडात उल्हास नावालाही नव्हता. सौ.ची झोप उडाली, जेवण सुटले. शेजारच्या सिंधी काकू रोज केशराचे दूध आणीत, तासभर बसत. मी म्हटले, मग डॉक्टर कशाला?

एके रात्री ती म्हणाली, “अहो, जगावंसंच वाटत नाही.” माझे डोळे उघडले.

डॉक्टर काही हसले नाहीत. “सौम्य उदासीनतेत केशराचा थोडा गुण लहान प्रयोगांत दिसलाय. हळदीतलं कर्क्युमिन मात्र अंगी फारसं लागत नाही. मिरीनं ते जास्त शोषलं जातं. पण मिरीचा अर्क काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतो. स्वयंपाकात खुशाल घाला. अर्काच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.”

औषध सुरू झाले. दूधही, काकूही राहिल्या. परवा सौ.ने स्वतः चकलीची भाजणी भाजली. धने-जिऱ्याचा वास काकूंच्या घरापर्यंत गेला.

वाचकहो, मसाल्याचा डबा जरूर उघडा. पण घरातले कुणी मिटू लागले, तर डॉक्टर गाठा, किंवा सरकारी ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा.