जाहिरातीतली बारीक अक्षरं

मागच्या भागात आपण पासबुक वाचायला शिकलो, आज जाहिरात वाचू. पेपरात येते ती, किंवा पेपरातून घरात पडणाऱ्या हँडबिलावरची.

गटाच्या बैठकीत आम्ही जुने पेपर आणतो, जाहिरातीतल्या चित्रावर वही ठेवतो आणि नुसता मजकूर मोठ्याने वाचायला सांगतो. निम्मी जाहिरात तिथंच फिकी पडते. कारण आपली नजर आधी चेहऱ्याकडे जाते, मग मोठ्या अक्षरांकडे. तळाच्या ओळीकडे ती बहुतेक वेळा पोचतच नाही. चित्रातली हसरी बाई वस्तूकडे बघत असते, म्हणून आपणही तिकडेच बघतो. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतील तर चेहऱ्याआधी उजेड बघा. आधीच्या फोटोत अंधार, नंतरच्यात लख्ख प्रकाश! 'फेअर अँड लव्हली' या क्रीमने 2020 साली नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. पण तोवर किती सावळ्या पोरी आरशासमोर खट्टू झाल्या असतील!

आता शब्द. '50 टक्क्यांपर्यंत सूट' यातला 'पर्यंत' महत्त्वाचा. एका साडीवर 50 आणि बाकी सगळ्यांवर 5 टक्के सूट असली, तरी वाक्य खोटं ठरत नाही. '99 रुपयांपासून' यातला 'पासून' तसाच.

सगळ्यात जपायचं ते कर्जाच्या जाहिरातीला. 'व्याज फक्त 1 टक्का' असं लाल, ठळक अक्षरांत असतं. 1 टक्का महिन्याला की वर्षाला, ते खाली बारीक अक्षरांत. आपण 'शेकडा दोन' म्हणतो तेव्हा महिन्याचंच म्हणतो, म्हणून हे लगेच ध्यानात येईल. पण पुढची गोम अवघड आहे. समजा 10,000 रुपये वर्षभरासाठी महिना 1 टक्क्याने घेतले. गटात आपण दर महिन्याला सारखं मुद्दल फेडतो आणि उरलेल्या रकमेवरच व्याज भरतो. असं वर्षाचं व्याज 650 रुपये होतं. 'फ्लॅट' दर असेल तर शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण 10,000 वरच व्याज लागतं, म्हणजे 1,200 रुपये. दर तोच, 1 टक्का, आणि व्याज जवळपास दुप्पट. म्हणून 'हप्ता किती' एवढंच विचारू नका. एकूण किती भरायचे आणि प्रोसेसिंग फी किती, हे कागदावर लिहून मागा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2022 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार दावा ज्या भाषेत, अटीही त्याच भाषेत छापायच्या. मराठीत मोठं आमिष आणि खाली इंग्रजीत अटी, हे चालत नाही. मधुमेह बरा करतो, उंची वाढवतो अशा औषधांच्या जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी त्या छापून येतातच, आणि 'तज्ज्ञांची शिफारस' म्हणून पांढरा कोट घातलेला कुणीतरी उभा असतो. त्या तज्ज्ञाचं नाव कुठे लिहिलंय का, तेवढं शोधा.

फसवी जाहिरात दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करता येतो. तेव्हा पेपरचं नाव आणि तारीख हाताशी लागते. त्यामुळे रद्दी देण्याआधी ते पान कापून गटाच्या फाइलला लावून ठेवा.