डावाचे नियम कोणी केले?

जिनिव्हा आणि नशातेल या स्विस शहरांत मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांसमोर गोट्या ठेवायचे आणि म्हणायचे, लहानपणी मी हे खेळायचो, आता विसरलोय, मला शिकव. खेळताना मुद्दाम चुका करायचे, म्हणजे मूल लगेच नियम बजावायचं. मग हळूच विचारायचे, हे नियम केले कोणी? तू नवा नियम केलास तर चालेल का? १९३२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातला हा गोट्यांचा भाग माझा सगळ्यात लाडका. एका पाच वर्षांच्या मुलाच्या मते खेळ बाबांनीच शोधला होता, आणि बाबा तर आजोबांच्याही आधी जन्मले होते!

खरी गंमत पुढे आहे. नियम मुळीच बदलता येत नाहीत असं ठासून सांगणारी पाच-सहा वर्षांची पोरं प्रत्यक्षात मनाला येईल तशी खेळायची. नियम आपणच केलेत, सगळ्यांना पटलं तर बदलू, असं म्हणणारी अकरा-बारा वर्षांची मुलं मात्र ते काटेकोर पाळायची. मधल्या पाच-सहा वर्षांत हे उलटंपालटं होतं कसं? पियाजेंचं उत्तर होतं, बरोबरीच्या मुलांशी खेळून, हुज्जत घालून. मला ते आजही पटतं. त्यांनी पाहिलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी बर्फाच्या गोळ्यांची लढाई सुरू करण्याआधी अध्यक्ष निवडण्यात, गट पाडण्यात आणि शिक्षा ठरवण्यात पाव तासाहून जास्त वेळ घालवला. तो वेळ वाया गेला असं कोण म्हणेल?

पियाजेंची फुटलेल्या कपांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. एकाच्या हातून नकळत पंधरा कप फुटतात, दुसऱ्याचा चोरून जॅम काढताना एकच. लहान मुलं पंधरावाल्याला जास्त दोषी धरतात, नऊ-दहाची मुलं हेतू बघतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गनी १९५८च्या प्रबंधापासून यावर नैतिक विचाराची सहा पायऱ्यांची शिडी उभारली. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली तिच्यावर आक्षेप घेतला, त्या शिडीत मुलींचा आवाज ऐकू येत नाही म्हणून. एलियट ट्युरिएल यांनी दाखवलं की बाईंनी परवानगी दिली तरी मारणं वाईटच, हे अगदी लहानांनाही कळतं. म्हणजे वयाच्या रेषा पियाजेंना वाटल्या तितक्या पक्क्या नाहीत.

पण त्यांची पावाची गोष्ट मला अजून सोडत नाही. ऱ्होन नदीकाठी आई मुलांना एकेक पाव देते, धाकट्याचा पाण्यात पडतो. त्याला दुसरा द्यायचा का? लहान मुलं म्हणतात, नको, त्याची चूक. पुढे वाटतं, सगळ्यांना सारखं मिळावं. आणि त्याहून मोठी झालेली मुलं म्हणतात, तो लहान आहे, त्याला समजून घ्यायला हवं.

हे आपल्याकडे बघायचं तर संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये उभं राहावं. आमच्या खाली रोज क्रिकेट रंगतं. कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ बॅट घेऊन उभा असतो. तो कच्चा लिंबू. त्रिफळा उडाला तरी आउट नाही. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीला मी विचारलं, ही चीटिंग नाही का?

"काका, त्याला बॅटसुद्धा उचलत नाही. पहिल्याच बॉलला आउट दिला तर खेळणार कधी?"

मग त्याचे रन धरता का?

"छे! रन धरले तर चीटिंग."