रोलर, सुतळी आणि पळसाचं पाणी

अमूर्त चित्रांसाठी जगभर नावाजलेले वासुदेव गायतोंडे जन्मले १९२४ साली नागपुरात. म्हणजे आपल्या विदर्भातच. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ त्यांना जवळचे. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. चार-पाच वर्षांच्या मुलांना नेमकं हेच आवडतं! विदर्भातल्याच घुग्घुसच्या अंगणवाडीत रोलर नसला, तर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला सुतळी गुंडाळा. होळीच्या सुमारास पळसाची फुलं गरम पाण्यात भिजवली की केशरी-पिवळा रंग मिळतो. हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घातला की ते लालसर होतं. काळ्या रंगासाठी कोळशाची भुकटी मात्र अजिबात नको, ती श्वासावाटे छातीत जाते. चित्र झाल्यावर ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नका. ‘हा लाल इथं कसा आला?’ असं विचारा आणि निवांत ऐका.