मार्था हेन्स

मार्था पॅट्रिशिया हेन्स (जन्म : १९५१, बॉस्टन) या अमेरिकन रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आहेत. दीर्घिकांमधील उदासीन हायड्रोजन वायूचे मापन आणि त्या मापनाच्या आधारे विश्वाच्या रचनेचा अभ्यास हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय आहेत. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात १९८३ पासून त्या अध्यापन व संशोधन करीत आल्या. त्यांचे बहुतेक संशोधन पोर्तो रिको बेटावरील आरेसिबो वेधशाळेतील ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने झाले. इटालियन वंशाचे खगोलशास्त्रज्ञ रिकार्डो जोव्हानेली हे त्यांचे पती व दीर्घकाळचे सहसंशोधक होते.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

हेन्स यांनी मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली या महिला महाविद्यालयातून १९७३ मध्ये पदवी घेतली. इंडियाना विद्यापीठातून १९७८ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. दीर्घिकांच्या लहान गटांमध्ये आढळणारे हायड्रोजनचे प्रवाह हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर त्यांनी आरेसिबो येथे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत काम केले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक वेधशाळेच्या कामकाजाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

जोव्हानेली आणि मॉर्टन रॉबर्ट्स यांच्यासह १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी सिंह राशीतील एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ या तीन दीर्घिकांच्या गटाचा तपशीलवार अभ्यास मांडला. एनजीसी ३६२८ पासून हायड्रोजनचे एक लांबलचक पुच्छ अवकाशात पसरलेले आहे. दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या की गुरुत्वीय ओढीमुळे त्यांच्यातील वायू असा ओढला जातो. दीर्घिका एकाकी बेटांप्रमाणे राहत नाहीत, शेजारच्या दीर्घिका त्यांचे स्वरूप बदलू शकतात, हा विचार त्यांच्या पुढील संशोधनाचाही पाया ठरला.

२१ सेंटिमीटर रेषा

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन असतो. दोघांचे स्पिन एकाच दिशेने असताना अणूची ऊर्जा किंचित अधिक असते, तर विरुद्ध दिशेने असताना किंचित कमी असते. अधिक ऊर्जेच्या अवस्थेतून कमी ऊर्जेच्या अवस्थेत जाताना अणू १४२०.४ मेगाहर्ट्झ वारंवारतेची, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, रेडिओ लहर उत्सर्जित करतो. एखाद्या अणूच्या बाबतीत हा बदल आपोआप घडण्यास सरासरी सुमारे १ कोटी वर्षे लागतात. परंतु दीर्घिकेत हायड्रोजनचे अणू अगणित असल्यामुळे त्यांचा एकत्रित संदेश पृथ्वीवर टिपता येतो. या रेषेचे भाकीत डच शास्त्रज्ञ हेंड्रिक फान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले. हॅरोल्ड ईवेन व एडवर्ड पर्सेल यांनी १९५१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ती प्रथम नोंदवली.

दीर्घिकेच्या एका वेधातून तीन गोष्टी कळतात. रेषेची वारंवारता मूळ वारंवारतेपेक्षा किती घटली आहे यावरून ताम्रसृती, म्हणजे दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग मिळतो. रेषेच्या रुंदीवरून दीर्घिका स्वतःभोवती किती वेगाने फिरते हे समजते, आणि त्यावरून कृष्णद्रव्यासह तिच्या एकूण वस्तुमानाचा अंदाज करता येतो. रेषेच्या एकूण तीव्रतेवरून हायड्रोजनचे वस्तुमान काढता येते. अंतर मेगापार्सेकमध्ये व एकूण तीव्रता जान्स्की-किलोमीटर प्रति सेकंद या एककात घेतल्यास अंतराचा वर्ग, तीव्रता आणि २,३६,००० यांचा गुणाकार म्हणजे सूर्याच्या वस्तुमानाच्या पटीतील हायड्रोजनचे वस्तुमान होय. हायड्रोजन हा नव्या ताऱ्यांचा कच्चा माल असल्याने दीर्घिकेत पुढे किती तारे जन्मू शकतील हेही या आकड्यावरून अजमावता येते.

हायड्रोजनची तूट

एखाद्या दीर्घिकेत वायू कमी आहे असे म्हणण्यासाठी तो सामान्यतः किती असावा हे आधी ठाऊक असावे लागते. हेन्स व जोव्हानेली यांनी १९८४ मध्ये हे प्रमाण निश्चित केले. त्यासाठी त्यांनी आजूबाजूला मोठे शेजारी नसलेल्या तीनशेहून अधिक एकाकी दीर्घिका निवडल्या व त्यांचा प्रकार, आकारमान आणि हायड्रोजनचे वस्तुमान यांतील संबंध मांडला. अपेक्षित आणि प्रत्यक्ष वस्तुमानाच्या लॉगॅरिदममधील फरकाला ‘हायड्रोजनची तूट’ म्हणतात. ही तूट ०.३ असेल तर दीर्घिकेत अपेक्षेच्या निम्मा वायू असतो, आणि १ असेल तर केवळ दहावा हिस्सा असतो.

हे मोजमाप त्यांनी १९८५ मध्ये दीर्घिकासमूहांना लावले. क्ष-किरणांत तेजस्वी दिसणाऱ्या समूहांच्या मध्यभागाजवळील सर्पिल दीर्घिकांमध्ये हायड्रोजन मोठ्या प्रमाणात घटलेला आढळला, तर समूहाच्या बाहेरील भागातील दीर्घिकांत तो जवळजवळ नेहमीइतकाच होता. अशा समूहांतील दीर्घिकांमधली जागा अतितप्त वायूने भरलेली असते. त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर समोरून दाब पडतो आणि तिचा थंड वायू मागे निघून जातो. ही कल्पना जेम्स गन व रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये मांडली होती. हेन्स व जोव्हानेली यांच्या आकडेवारीने तिला भक्कम आधार दिला. वायू गमावलेली दीर्घिका लगेच विझत नाही. मात्र उरलेला साठा संपल्यावर तिच्यात नवे तारे जन्मणे थांबते. दीर्घिकेच्या जडणघडणीत तिच्या परिसराचा वाटा किती, या आजही चर्चेत असलेल्या प्रश्नासाठी हे मोजमाप वापरले जाते.

मीन–ययाति महासमूह

दीर्घिकांचे आकाशातील स्थान छायाचित्रावरून कळते, परंतु त्यांची खोली कळत नाही. त्यासाठी ताम्रसृती लागते. १९८० च्या दशकात हेन्स व जोव्हानेली यांनी आरेसिबो आणि ग्रीन बँक येथून हजारो सर्पिल दीर्घिकांच्या ताम्रसृती मोजल्या. मीन व ययाति या तारकासमूहांच्या दिशेला, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर, दीर्घिकांची एक लांब व अरुंद रांग असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. तिच्या अलीकडे जवळजवळ रिकामी पोकळी आहे. आकाशात पट्ट्यासारखी दिसणारी ही रचना केवळ दृष्टिभ्रम नसून खरोखर एकसंध तंतू आहे, हे या त्रिमितीय नकाशामुळे सिद्ध झाले. विश्वातील द्रव्य तंतू आणि पोकळ्या यांच्या जाळ्यात विखुरलेले आहे, हे आज सर्वमान्य असलेले चित्र ज्या मोजक्या सर्वेक्षणांतून उभे राहिले त्यांत या कामाचा समावेश होतो. या कार्यासाठी दोघांना १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे हेन्री ड्रेपर पदक देण्यात आले.

कन्या राशीतील वायुढग

१९८९ मध्ये या दोघांना आरेसिबोच्या वेधांत योगायोगाने हायड्रोजनचा एक मोठा ढग आढळला. कन्या राशीच्या दिशेला असलेल्या या ढगाच्या जागी तोवर कोणतीही दीर्घिका नोंदलेली नव्हती. ही घडण्याच्या अवस्थेतील दीर्घिका असावी, असे त्यांनी सुचवले. पुढे ढगाच्या एका टोकाला फिकट बटू दीर्घिका सापडली. जयराम चेंगलूर यांनी जोव्हानेली व हेन्स यांच्यासह न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज अ‍ॅरे या दुर्बिणीने केलेला सविस्तर अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. या ढगाला दोन भाग असून त्यांपैकी एकातच तारे दिसतात, असे त्यातून निदर्शनास आले. चेंगलूर हे पुढे पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात संशोधन करू लागले.

अल्फाल्फा सर्वेक्षण

आरेसिबोच्या दुर्बिणीवर २००४ मध्ये एकाच वेळी आकाशातील सात ठिकाणे टिपणारा ‘अल्फा’ हा ग्राहक बसवण्यात आला. त्याच्या साहाय्याने हेन्स व जोव्हानेली यांच्या नेतृत्वाखाली २००५ ते २०१२ या काळात अल्फाल्फा हे सर्वेक्षण झाले. पूर्वीच्या निरीक्षणांत छायाचित्रांतून आधीच ज्ञात असलेल्या दीर्घिका निवडल्या जात. त्यामुळे फिकट पण वायूने समृद्ध दीर्घिका निसटून जात. अल्फाल्फामध्ये अशी निवड केली नाही. दुर्बीण स्थिर ठेवली जाई व पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तिच्यासमोरून सरकत जाई. आकाशाचा प्रत्येक पट्टा काही महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहिला जाई, म्हणजे खरा संदेश आणि मानवनिर्मित रेडिओ गोंगाट वेगळे करता येत. सान हुआन विमानतळावरील रडारची १३५० मेगाहर्ट्झची लहर ही या कामातील कायमची अडचण होती. त्या वारंवारतेजवळ ज्यांची रेषा सरकून येते अशा दीर्घिका शोधणे जवळजवळ अशक्य होई.

या सर्वेक्षणाने आकाशाचा सुमारे ७,००० चौरस अंश भाग व्यापला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम सूचीत सुमारे ३१,५०० स्रोत आहेत. त्यापूर्वी ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने केलेल्या अशाच सर्वेक्षणात सुमारे पाच हजार स्रोत मिळाले होते. लहान दीर्घिकांमध्ये ताऱ्यांपेक्षा वायूचे वस्तुमान अनेकदा अधिक असते, हे अल्फाल्फातून ठळकपणे दिसले.

हायड्रोजन आहे पण तारे मुळीच नाहीत अशा ‘काळ्या दीर्घिका’ मोठ्या संख्येने असाव्यात, अशी अनेकांची अपेक्षा होती. कृष्णद्रव्याच्या संगणकीय प्रारूपांत लहान दीर्घिका प्रत्यक्षात दिसतात त्यांहून खूप अधिक निघतात, आणि ही उणीव अशा काळ्या दीर्घिकांनी भरून निघेल असे वाटत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीतील १५,८५५ स्रोतांपैकी आपल्या आकाशगंगेबाहेरचे, पण दृश्य प्रकाशात जोडीदार न सापडलेले स्रोत २ टक्क्यांहूनही कमी होते. त्यांतील बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या जवळ असून ते ओढल्या गेलेल्या वायूचे अवशेष असावेत. त्यामुळे त्या कोड्याचे उत्तर अन्यत्र शोधावे लागले.

या सर्वेक्षणात सापडलेली ‘लिओ पी’ ही बटू दीर्घिका २०१३ मध्ये जाहीर झाली. ती सिंह राशीच्या दिशेला सुमारे ५० लाख प्रकाशवर्षे अंतरावर आहे. तिच्यातील हायड्रोजनचे वस्तुमान केवळ ८ लाख सूर्यांइतके असून ऑक्सिजनचे प्रमाण सूर्यातील प्रमाणाच्या सुमारे ३ टक्के आहे. जवळजवळ मूळ स्थितीत राहिलेला वायू आणि त्यात आजही जन्मणारे तारे जवळून अभ्यासण्याची संधी या दीर्घिकेमुळे मिळाली.

अल्फाल्फामध्ये अमेरिकेतील अनेक लहान महाविद्यालयांतील पदवीपूर्व विद्यार्थी व त्यांचे प्राध्यापक यांना सहभागी करून घेतले होते. हे विद्यार्थी आरेसिबोला जाऊन प्रत्यक्ष वेध घेत आणि नोंदींचे विश्लेषण करीत.

सन्मान व पदे

हेन्स २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य झाल्या. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषवले. चिलीतील सेरो चाह्नांतोर पर्वतावर ५,६०० मीटर उंचीवर उभारल्या जाणाऱ्या, ६ मीटर व्यासाच्या सबमिलिमीटर दुर्बिणीच्या प्रकल्पातही त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. पॅसिफिक खगोलशास्त्रीय संस्थेने त्यांना २०१९ चे ब्रूस पदक प्रदान केले.

वारसा

केबल तुटल्याने कमकुवत झालेली आरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. जोव्हानेली यांचे २०२२ मध्ये निधन झाले. आरेसिबोवरून आता तसे सर्वेक्षण पुन्हा करता येणार नसल्याने अल्फाल्फाची सूची हाच त्या दुर्बिणीच्या हायड्रोजन संशोधनाचा सर्वांत मोठा शिल्लक ठेवा ठरला आहे. चीनमधील ५०० मीटर व्यासाची फास्ट दुर्बीण हे काम पुढे नेत आहे.

अल्फाल्फाची पोहोच सुमारे ८० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत होती. त्यापलीकडील दीर्घिकांचा हायड्रोजन मोजण्यात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपने महत्त्वाचा टप्पा गाठला. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील सरासरी हायड्रोजन २०२० मध्ये मोजला. त्या काळी दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे इतक्या वेगाने जन्मत होते की बाहेरून भर न पडल्यास तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. प्राचीन दीर्घिकांतील वायूची आजच्या दीर्घिकांशी तुलना करताना जवळच्या विश्वाचे जे मोजमाप आधार म्हणून लागते, ते मुख्यत्वे अल्फाल्फासारख्या सर्वेक्षणांतून मिळते.