साथीच्या दिवसांत विमानाने जावे का?

विमानाचा प्रवास ही आता केवळ शहरातल्या बड्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. कुणाची लेक नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईला असते, कुणाचा मुलगा अमेरिकेत शिकतो, कुणी आयुष्यभराची पुंजी साठवून हज यात्रेला निघते, तर कुणी काशीला जाताना दोन दिवसांची आगगाडी टाळून विमानाचे तिकीट काढते. शिर्डी, नांदेड, कोल्हापूर येथूनही विमाने सुटतात. त्यामुळे एखादी साथ आली, की खेड्यातल्या घरातही प्रश्न पडतो. लेकीचे बाळंतपण जवळ आले आहे, आईने जावे की न जावे? मुलगा परदेशातून येतो आहे, त्याला सरळ घरात घ्यावे की नाही?

२०२० सालच्या कोरोनाच्या साथीत या प्रश्नांनी घराघरांत काय केले ते आपण पाहिलेच आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या देशातली विमाने थांबली. देशांतर्गत विमाने २५ मे २०२० पासून पुन्हा उडू लागली, पण परदेशची नेहमीची विमाने सुरळीत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात खास सोय म्हणून काही विमाने ये-जा करीत. तरी आईबाप गेले आणि मुलाला येता आले नाही, अशी घरे आहेत. दुसरीकडे, बाहेरून येणाऱ्यांना अडवण्यासाठी गावोगाव वेशीवर काट्या पडल्या. भीती खोटी नव्हती. पण कशाची भीती धरावी आणि कशाची नको, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होतो.

विमानातली हवा

पुष्कळांना वाटते, की विमान म्हणजे बंद डबा. एक खोकला की सगळ्यांना लागण. प्रत्यक्षात तसे नसते. आकाशात असताना बाहेरची हवा इंजिनातून दाबून आत घेतली जाते. मोठ्या विमानांत ही ताजी हवा साधारण निम्मी असते आणि उरलेली निम्मी आतलीच हवा गाळून पुन्हा सोडली जाते. या गाळणीला हेपा गाळणी म्हणतात. अगदी बारीक कणही ती शंभरात नव्याण्णवांपेक्षा जास्त अडवते. रोगाचे जंतू ज्या थेंबांवर बसून हवेत फिरतात, ते तिच्यात अडकतात. दर दोन-तीन मिनिटांनी आतली सगळी हवा बदलते. हवा डोक्यावरून येते आणि त्याच ओळीत पायाशी बाहेर ओढली जाते. त्यामुळे ती पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे फारशी वाहत नाही. लहान विमानांत मात्र अशी गाळणी असेलच असे नाही.

कोंबड्या पाळणाऱ्यांना हे चटकन समजेल. शेडचे पडदे वर असले, वारा खेळता असला, तर रोग कमी पसरतो. थंडीत पडदे सोडून शेड कोंडली, की एका कोंबडीची सर्दी चार दिवसांत सगळ्या शेडभर होते.

विमानाचे पडदे सोडले तर काय होते, याचे उदाहरण १९७७ साली अमेरिकेतील अलास्का प्रांतात घडले. इंजिन बिघडल्यामुळे ५४ माणसांचे एक विमान तीन तास जमिनीवर उभे राहिले. त्या वेळात हवा खेळवणारे यंत्र बंद होते आणि बहुतेक प्रवासी आतच बसून होते. त्यांत एकाला फ्लू झालेला होता. तीन दिवसांच्या आत शंभरात ७२ प्रवासी आजारी पडले. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी : उडणाऱ्या विमानापेक्षा हवा बंद करून जमिनीवर उभे असलेले विमान अधिक धोक्याचे.

मग धोका कुठे?

हवा स्वच्छ असली, तरी शेजारी बसलेल्या माणसाचा खोकला गाळणीपर्यंत पोचण्याआधी आपल्यापर्यंत पोचतो. फवारणी करताना वारा औषध पुढे नेतो खरा, पण जवळच्या झाडावर ते आधी पडतेच, तसेच हे आहे.

१५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला निघालेल्या एका विमानात १२० माणसे होती. त्यांत सार्स हा श्वसनाचा रोग झालेला एक वृद्ध प्रवासी होता. पुढे त्या विमानातील २२ जणांना हा रोग झाल्याचे आढळले. रुग्णाच्या पुढच्या तीन ओळींत बसलेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली, त्या २३ जणांत ८ आजारी पडले. इतरत्र बसलेल्या ८८ जणांत १०. म्हणजे जवळ बसणाऱ्याला धोका जास्त, पण दूर बसणाराही अगदी निर्धास्त नाही. मात्र त्याच काळात दुसऱ्या एका विमानात चार आजारी माणसे असूनही फार तर एकालाच लागण झाली.

मार्च २०२० च्या सुरुवातीला लंडनहून व्हिएतनाममधील हनोईला गेलेल्या विमानात एक तरुणी खोकत होती. प्रवास दहा तासांचा होता आणि मास्कची सक्ती अजून आलेली नव्हती. नंतर त्या विमानातील आणखी १५ जणांना कोरोना असल्याचे आढळले, त्यांतील १२ जण तिच्याच वर्गात बसलेले होते. तिकीट महागाचे होते आणि जागाही ऐसपैस होती, पण रोगाला तिकीट कळत नाही.

आणखी एक गोष्ट. विमानतळावर कपाळाशी यंत्र धरून ताप पाहतात. ज्याला ताप चढलेला आहे तोच त्यात सापडतो. लाळ्या-खुरकूत झालेले जनावर तोंडाला फोड येण्याआधीच रोग पसरवू लागते, हे पशुपालकांना ठाऊक आहे. माणसांच्या कित्येक रोगांचेही तसेच आहे. म्हणून तपासणीतून सुटला म्हणजे निरोगी, असे समजू नये. शिवाय घरून निघाल्यापासून गच्च भरलेली जीप, एस.टी., विमानतळावरच्या रांगा, खाण्याची जागा यांतही माणसे दाटीने भेटतात. तिथे गाळणी नसते. विमानात सांभाळले आणि जीपमध्ये दाटीवाटीने बसले, तर काय उपयोग?

जाणाऱ्यांनी काय करावे

१. ताप, खोकला, जुलाब असल्यास प्रवास पुढे ढकलावा. तिकिटाचे पैसे जातील, पण शेजारच्या म्हाताऱ्याचा जीव जाऊ नये. नाक चोंदलेले असताना उडाल्यास कानही फार दुखतात.

२. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून लशींचे विचारावे. हज यात्रेकरूंना मेंदूज्वराची लस सक्तीची असते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. तो नसता त्या देशांतून परतणाऱ्यास आपल्याकडे वेगळे ठेवतात. लहान मुलांची गोवराची लस चुकवू नये. गोवराचे जंतू रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात.

३. साथीच्या दिवसांत सक्ती असो वा नसो, नाक व तोंड दोन्ही झाकणारा चांगला मास्क लावावा. खाताना तो काढावाच लागतो. शेजाऱ्याचे खाणे झाल्यावर आपण खावे.

४. डोक्यावरची हवेची तोटी उघडी ठेवावी. मिळाल्यास खिडकीची जागा घ्यावी, तिथे ये-जा करणाऱ्यांशी संबंध कमी येतो. शेजारी सारखा खोकत असेल, तर न संकोचता हवाई सुंदरीला सांगून जागा बदलून मागावी.

५. खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि पाणी भरपूर प्यावे. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसांनी अधूनमधून पाय हलवावेत.

येणाऱ्याला घरात कसे घ्यावे

बाजारातून आणलेली म्हैस आपण लगेच गोठ्यात बांधत नाही. पंधरा दिवस वेगळी बांधतो, वैरण-पाणी वेगळे देतो. त्यात म्हशीचा अपमान नसतो, गोठ्याची काळजी असते. साथीच्या दिवसांत बाहेरून आलेल्या लेकराला आरोग्य खाते सांगेल तितके दिवस वाऱ्याच्या वेगळ्या खोलीत ठेवावे, जेवण तिथेच द्यावे, ओसरीवरून गप्पा माराव्यात. वेशीवर काट्या टाकणे हा मात्र वेडेपणा आहे. अशाने माणसे आजार लपवतात आणि लपवलेला आजारच गावभर जातो. १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेग निघाला तेव्हा काही देशांनी भारताची विमाने बंद केली होती. दार लावून घेतले गेले म्हणजे काय वाटते, हे आपल्याला माहीत आहे.

परदेशातून येताना बी, रोप, कलम, माती परवान्याशिवाय आणू नये. तिथे कुणाच्या शेतावर वा गोठ्यात गेला असाल, तर बूट स्वच्छ धुऊनच सामानात ठेवावेत. माणसांचे रोग विमानातून येतात, तसेच पिकांचे आणि जनावरांचेही येतात.

राहता राहिला पहिला प्रश्न : लेकीच्या बाळंतपणाला आईने जावे का? आई धडधाकट असेल, लशी झाल्या असतील आणि तिकडे साथ भडकलेली नसेल, तर मास्क लावून खुशाल जावे. तिला दम्याचा, हृदयाचा वा मधुमेहाचा त्रास असेल आणि साथ जोरात असेल, तर डॉक्टरांचे ऐकावे. बाळाचे बारसे महिनाभर उशिरा झाले तरी चालते. पण आजी बारशाला हवी.