वर्षाराजाची स्वारी

कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहार’ या काव्याच्या दुसऱ्या सर्गात पावसाळा एखाद्या राजासारखा येतो. जलभाराने झुकलेले मेघ हे त्याचे मत्त हत्ती, वीज ही पताका आणि गडगडाट हा नगारा. पुढे इंद्रधनुष्याला विजेची प्रत्यंचा चढते आणि धारांचे बाण विरही प्रवाशांच्या काळजात रुततात. प्रेमिकांना प्रिय असलेला हा राजा वाटसरूंना मात्र घायाळ करतो.

या उपमेचे बळ केवळ दृश्यात नाही. प्राचीन भारतातील राजे पावसाळ्यात सहसा मोहिमेवर निघत नसत. नद्यांना पूर आलेला, वाटांवर चिखल; हत्ती आणि रथ रुतून बसावयाचे. ‘रघुवंशा’तील रघूचा दिग्विजय शरदऋतूत सुरू होतो. रामालादेखील सुग्रीवाच्या साहाय्यासाठी पावसाळा सरेपर्यंत थांबावे लागले. मराठ्यांचे सीमोल्लंघन दसऱ्याला होई, तेही याच कारणाने. पृथ्वीवरचे राजे घरी बसतात नेमक्या त्याच महिन्यांत आकाशातला राजा सेना घेऊन बाहेर पडतो. त्याला अडविणारा कोणी उरलेला नसतो!

‘मेघदूता’त मात्र मेघ निरोप्या झाला आहे. यक्ष त्याला इंद्राचा अधिकारी म्हणून गौरवितो खरा. पण काम सांगतो ते दूर असलेल्या पत्नीला निरोप पोचविण्याचे. ‘मेघदूता’चा बुद्धदेव बसू यांनी केलेला बंगाली अनुवाद १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी त्यांचे बिऱ्हाड कोलकात्याच्या बालीगंज भागात, २०२ रासबिहारी अॅव्हेन्यू येथे होते. ‘कविताभवन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घरातूनच ‘कविता’ हे त्यांचे नियतकालिक निघे.

अनुवादकाच्या या शहरात पाऊस निरोप्यापेक्षा राजाच्याच थाटात येतो. कोलकात्याची भूमी हुगळीच्या काठाशी उंच आणि पूर्वेकडे उतरती आहे. साहजिकच बालीगंजचे पाणी जवळच्या नदीकडे न जाता पूर्वेच्या कालव्यांकडे न्यावे लागते, आणि सपाट प्रदेशामुळे ते पंपांनी उचलावे लागते. १९७८ च्या सप्टेंबरअखेरीस अतिवृष्टीने शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले होते. एरवीही जोराची सर आली की रस्ते तुंबतात, वाहने जागच्या जागी थांबतात, आणि कामावरून परतणारा माणूस चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून घराची वाट धरतो. काव्यातल्या त्या वाटसरूचा हा नागर वंशज. बालीगंजच्या उदंचन केंद्रातील पंप तोवर पाणी पूर्वेकडे ढकलीत असतात.