उस्ताद ओरडला की हात थांबतात : ऑटिझम असलेल्या मुलांना कामाची ओळख कशी करून द्यावी

परतूरच्या बाजारात सातवी-आठवीतला मुलगा सुट्टीत अब्बूंच्या नाहीतर मामूंच्या दुकानात जाऊन बसला तर कुणाला नवल वाटत नाही. गॅरेज, शिलाई, मोबाइल दुरुस्ती, फळांचा गाडा, आपल्या घरांतली कितीतरी मुलं कामाला अशीच लागली. उस्तादाशेजारी उभं राहायचं, पाना द्यायचा, चहा आणायचा, बघत बघत शिकायचं.

पण घरात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेलं मूल असेल तर त्याला कुणी हाताखाली घेत नाही. दहावीच्या आगेमागे शाळा सुटते आणि मूल घरीच बसतं. जेवण, मोबाइल, झोप. अम्मी-अब्बूंच्या डोक्यात मात्र एकच घोर, आमच्यानंतर याचं कसं होणार?

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. ऑटिझम म्हणजे वेड नाही, कुणाची नजर लागलेली नाही आणि आईच्या संगोपनात काही कमी पडलं असंही नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. इशारे, टोमणे, चेहऱ्यावरचे भाव या मुलांना पटकन उमगत नाहीत. रोजचा क्रम अचानक मोडला की घालमेल होते. काहींना आवाज, वास, गर्दी असह्य होते. वाचताना अडखळणारी डिस्लेक्सियाची मुलं, एका जागी न टिकणारी एडीएचडीची मुलं, या सगळ्यांना मिळून हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. मात्र यातली दोन मुलं सारखी नसतात. एक बोलतच नाही, तर दुसऱ्याला परतूर स्टेशनवरच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असतात.

आपली जुनी शागिर्दी अडते ती इथेच. ती सगळी इशाऱ्यावर चालते. "ते सामान जरा नीट लाव रे," असं उस्ताद म्हणतो. नीट म्हणजे कसं, हे या मुलाला कळत नाही. तो उभाच राहतो. उस्ताद ओरडतो, मग हात पूर्णच थांबतात आणि दोन दिवसांत निरोप येतो, "तुमच्या पोराला जमत नाही." खरं तर त्याला काम कुणी सांगितलेलंच नसतं.

काम सांगायचं म्हणजे त्याचे तुकडे करायचे. किराणा दुकानातलं तूरडाळीचं पॅकिंग घ्या. पिशवी काट्यावर ठेव. एक किलो दिसेपर्यंत डाळ भर. तोंड बंद कर. खोक्यात ठेव. दहा पिशव्या झाल्या की सांग. प्रत्येक पायरीचा फोटो काढून भिंतीवर क्रमाने चिकटवा. आधी तुम्ही करून दाखवा, मग सोबत करा, मग बाजूला व्हा. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास पुरे. एकदा क्रम बसला की यातली बरीच मुलं काट्यात हयगय करत नाहीत, हे दुकानदारालाही कळेल.

हे फक्त बोलण्यापुरतं नाही. मुंबईत जुहूला २०१८ पासून 'अर्पण' नावाचा कॅफे चालतो. सुषमा नगरकर आणि अशैता महाजन यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने तो उभा केला. नगरकरांची स्वतःची मुलगी ऑटिझम असलेली. तिथे ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेले तरुण स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. परतूरला असा कॅफे निघणार नाही, ठीक आहे. पण इथे दुकानदार मुलाला जन्मापासून ओळखतो, आणि ही सोय जुहूला नाही.

जागा मात्र विचार करून निवडा. ज्याला आवाज सोसत नाही त्याला कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास नेऊ नका. आठवडी बाजाराच्या दिवशी सुरुवात करू नका. दुपारची शांत वेळ बरी. पाच नमाजांनी आपला दिवस आधीच बांधलेला आहे, त्याचाच आधार घ्या. "जोहरनंतर दुकान, असरला घर" हे घड्याळापेक्षा लवकर बसतं. रमजानमध्ये हा सगळा क्रम उलटतो, दुकानं रात्री उशिरापर्यंत गर्दीने भरतात. शाबानपासूनच कॅलेंडरवर खुणा करून मुलाला रोज दाखवत राहा. नवं काम ईदनंतरच.

मुलींचा विषय आपण टाळतो. घरातच शिलाई, फॉल-बीडिंग, मसाल्याचं पॅकिंग अशी कामं होतात, पण तिची कमाई तिच्या हातात पडते का? मुलगा असो की मुलगी, दुकानदाराने मजुरी द्यावी, थोडी का होईना, ठरल्या दिवशी. पोराला जकातीच्या यादीत टाकून काम फुकट करून घेणं, हे आपल्याकडे होतं. चेष्टा, मारझोड दिसली तर त्याच दिवशी काम बंद करा. ही मुलं बऱ्याचदा घरी येऊन सांगत नाहीत. अचानक खाणं-झोप बिघडली तर चौकशी करा.

कायदाही पाहा. १४ वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवता येत नाही, शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत तेवढी चालते, तीही धोक्याच्या कामात नाही. १४ ते १८ या वयातही धोक्याच्या कामाला बंदी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, डिस्लेक्सियासारखे अध्ययन दोष, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून.

त्यासाठी यूडीआयडी कार्ड लागतं. 'स्वावलंबन' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग तपासणी. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं असेल तर आदल्या दिवशी मुलाला इमारतीचा फोटो दाखवा, आवडीचा खाऊ आणि कान झाकायला हेडफोन सोबत घ्या. शाळेचे जुने कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच फाईलमध्ये लावा. रांगेत अब्बूंनी थांबावं, मूल अम्मीसोबत बाहेर सावलीत बसलं तरी चालेल, नंबर आला की आत न्यायचं.